पहाटे सेल्फ घेत नाही, घेतली तर रेस उतरत नाही : जुन्या डिझेल पिकअपची तपासणी

रावेर-सावद्याकडे केळी भरायला पिकअप पहाटेच शेताच्या बांधावर लागते. नेमकी तेव्हाच ती सेल्फ मारून मारून थकते, किंवा एकदाची पेटली की स्लोवर, म्हणजे पेडल न दाबता, टिकत नाही. “काय व्हयनं?” विचारत चार जण जमतात आणि त्यातला एक हमखास म्हणतो, “स्लो वाढवून दे.” पंपावरचा स्क्रू अर्धा आटा आत जातो आणि गाडी बंद पडायची थांबते. मूळ दुखणं तसंच राहतं, वर पुढचे सहा महिने रेस चढलेली राहते, डिझेल जास्त जातं आणि गिअर टाकताना खरखर येते.

म्हणून सुरू न होण्याचं कारण आधी शोधायचं आणि रेसकडे नंतर वळायचं. क्रम उलटा केला तर स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवत बसावं लागतं.

कोणत्या गाड्यांसाठी

हे सगळं यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे : जुनी २५२३ सीसी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या) इंजिनाची बोलेरो पिकअप, टाटा २०७ डीआय आणि त्यांच्या पिढीतल्या इतर गाड्या. ओळख सोपी आहे. पंपातून प्रत्येक सिलिंडरला वेगळी लोखंडी नळी थेट नोझलकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे, जाते. चारही नळ्या एकाच जाड आडव्या नळीतून निघत असतील तर ती कॉमन रेल. तिला स्कॅनर लागतो आणि तिच्या नळ्यांचे नट चालू इंजिनावर कधीही सैल करायचे नाहीत. आतला दाब १००० बारच्या वर जातो आणि ती धार कातडीत शिरते.

यांत्रिक पंपही दोन तऱ्हांचे असतात. लांबट पंपाच्या डोक्यावर चार तोट्या एका ओळीत असतील तर तो इनलाइन. गोल पंपाच्या मागच्या तोंडातून नळ्या वर्तुळात निघत असतील तर तो रोटरी. इनलाइनवर बहुतेक वेळा इंजिन बंद करायची स्टॉप केबल असते. रोटरीवर चावीच्या करंटवर चालणारा सोलेनॉइड, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका, असतो. आपल्या गाडीला यातलं काय आहे ते आधी बघून ठेवा, पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे.

हाताशी हवं ते असं : मल्टिमीटर, १० ते १९ चे पाने, डिझेलला चालणारी दोन मीटर पारदर्शक नळी, चार क्लिपा, पाच लिटरचा स्वच्छ कॅन, टेस्ट लॅम्प आणि जमलं तर चमकत्या पट्टीवर चालणारा, इंजिनाचे फेरे मोजणारा ऑप्टिकल टॅकोमीटर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड.

सेल्फ मारताना कान आणि सायलेन्सर

पहिला फरक कानाने कळतो. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेटत नाही, तर डिझेल, हवा किंवा उष्णतेचा प्रश्न. इंजिन जड फिरतंय किंवा फिरतच नाही, तर करंटचा प्रश्न. जड फिरणाऱ्या इंजिनाचा डिझेल पंप उघडू नये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. वेगच नसेल तर हवा तापत नाही आणि पंप, नोझल नवीन असले तरी गाडी लागत नाही.

इंजिन चांगलं फिरत असेल तर एकाला सायलेन्सरपाशी उभं करा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा-करडा, डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, एअर फिल्टर बघा. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर कापसाच्या तंतूंची गोधडीच तयार होते. कागदी फिल्टर झटकायचा किंवा बदलायचा, डिझेलने धुवायचा नाही.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावं. सलग मारत राहिलं की स्टार्टरचं आर्मेचर जळतं आणि एकाऐवजी दोन कामं होतात.

करंट

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग, मग बाकीचं. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी गेलेली आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक घर बघा : १.२६० ते १.२८० चांगलं. एकच घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती बॅटरी पुन्हा चार्ज करून फार दिवस चालत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ पर्यंत जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. बॅटरीचं पाणी त्या दोन महिन्यांत आटतं, उघडी पडलेली प्लेट खराब होते, आणि तिचा खरा परिणाम डिसेंबरच्या पहिल्या थंडीत दिसतो. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर बघावं, प्लेटच्या वर १० ते १५ मिलिमीटर. बोअरचं पाणी कधीच नाही, त्यातल्या क्षारांनी प्लेट मरते.

बॅटरी ठीक असूनही इंजिन जड फिरत असेल तर केबल बघा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर. सेल्फ मारताना आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. तशीच चाचणी पॉझिटिव्ह खांबापासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत. चेसिस ते इंजिन ही जाळीची पट्टी जुन्या गाडीत बहुतेक वेळा अर्धी तुटलेली असते. तिची किंमत किरकोळ आहे, पण तिच्यापायी लोक नवा स्टार्टर घेतात.

आवाजावरून आणखी काही कळतं. टकटकटक असा भराभर आवाज : बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच जोराचा टक आणि शांतता : स्टार्टरवरच्या सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा स्टार्टरचे कार्बन संपले. काहीच आवाज नाही : चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे येणारी बारीक वायर. स्टार्टर सूंऽ करून एकटाच फिरतो : बेंडिक्स, म्हणजे स्टार्टरला इंजिनाशी जोडणारं दातेरी चाक. हे चौथं सोडलं तर बाकी सगळं दिव्यांनी पडताळता येतं. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझत आले तर बॅटरीकडे जा, तसेच राहिले तर सोलेनॉइड आणि स्विचकडे.

दिवसा चांगली आणि सकाळी मेलेली बॅटरी वेगळी. चावी काढून, निगेटिव्ह केबल सोडवून मधे मीटर १० अँपिअरवर जोडा. ५० मिलिअँपिअरच्या वर ओढ दिसली तर एकेक फ्यूज काढत जा. म्युझिक सिस्टीम, जीपीएस आणि दर्शनी भागावरच्या एलईडीच्या माळा, बहुतेक वेळा यातलाच कोणीतरी सापडतो. मीटर मधे असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

डिझेल येत नाही : एअरचा शोध

धूरच नाही अशा गाडीत सगळ्यात आधी फुकटातली गोष्ट. स्टॉप केबलची घुंडी पूर्ण आत गेली आहे का? धुळीने केबल अर्ध्यात अडकते आणि पंपावरचा स्टॉप लिव्हर ‘बंद’कडे ओढलेला राहतो. हाताने लिव्हर चालूकडे ढकलून सेल्फ मारून बघा. सोलेनॉइड असेल तर चावी ऑन करताना पंपाजवळ ‘टक’ ऐकू यायला हवा. नाही आला तर त्याच्या बोल्टवर टेस्ट लॅम्प धरा. करंट येतोय आणि टक नाही, तर सोलेनॉइड गेला. करंटच नाही, तर फ्यूज आणि वायर.

यानंतर एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत शिरलेली हवा. जुन्या पिकअपच्या सकाळच्या दुखण्यांत सगळ्यात जास्त वेळा तीच असते आणि सगळ्यात कमी वेळा शोधली जाते, कारण ती दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) नळी ओढीखाली असते. तिथे भेग पडली तर डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते. रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीकडे मागे सरकतं आणि सकाळी पंपापुढे हवा उभी असते. गाडी अर्धा मिनिट सेल्फ खाऊन लागते, स्लोवर झोके घेते, मग ठीक होते. दुपारी चांगली, कारण दुपारी नळी भरलेली असते.

खात्री करायची पद्धत अशी. पंपाच्या किंवा फिल्टरच्या आत येणाऱ्या तोंडाशी अर्धा हात पारदर्शक नळी क्लिपा लावून जोडा. एअर काढून (पद्धत पुढे दिली आहे) गाडी सुरू करा आणि नळीकडे बघा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे चालतील. सतत साखळी येत असेल तर हवा टाकीच्या बाजूने शिरतेय. रात्री गाडी तशीच ठेवा. सकाळी नळी रिकामी दिसली तर दुसरा पुरावा नको.

जागा शोधायला कॅन वापरा. पाच लिटरचा कॅन स्वच्छ डिझेलने भरून बॉनेटच्या उंचीवर टांगा आणि टाकीची नळी काढून कॅनची नळी जोडा. गाडी झटकन लागली आणि स्लो स्थिर राहिला तर दोष कॅनच्या जोडणीपासून मागे टाकीकडे आहे. तरीही झोके असतील तर पुढे. शिवाय आता डिझेल वरून दाबाने येतंय, त्यामुळे पुढच्या भागात जिथे हवा शिरत होती तिथे डिझेल झिरपून ओलं दिसेल. कोरड्या कापडाने सगळं पुसून दहा मिनिटांनी टॉर्चने बघा.

हवा शिरायच्या नेहमीच्या जागा : टाकीवरच्या रबरी नळीचं वळण, वॉटर सेपरेटरची (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याची) रबरी रिंग, फीड पंपाच्या हातपंपाचं पॅकिंग, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, रोटरी पंपाच्या वरच्या लिव्हरच्या शाफ्टचं सील. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की कडक होतो, प्रत्येक उघडझापीला नवा घालावा. फिल्टर बदलताना जुनी रिंग खाली चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली तर हवा ठरलेलीच. नोझलांवरच्या, उरलेलं डिझेल मागे नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्याही विसरू नका. त्या तडकल्या की रात्रीत डिझेल मागे उतरतं.

एक खास अडचण रोटरी पंपावर येते. त्याच्या रिटर्नच्या बँजो बोल्टवर ‘आउट’ असं कोरलेलं असतं आणि त्यात बारीक छिद्र असतं. गॅरेजमध्ये तो आणि आत येणारा बोल्ट अदलाबदल झाले तर पंपात दाब बिघडतो, गाडी धड लागत नाही आणि पंपाला दोष दिला जातो.

प्रवासात दहा-पंधरा किलोमीटरनंतर बंद पडून थोड्या वेळाने लागणारी गाडी असेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. शेतातल्या ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी सेपरेटरचं पाणी दर आठवड्याला काढावं. खालचा नट सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं.

एअर काढणे

टाकीत किमान पाव भाग डिझेल हवं. हातपंपाची मूठ उलट फिरवून मोकळी करा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर बोल्ट दोन आटे सैल करा आणि पंप मारा. आधी फेस येतो, मग सलग धार. धार चालू असतानाच, मूठ खाली दाबून धरून, बोल्ट आवळा. मग इनलाइन पंपावरचा एअर स्क्रू तसाच. मूठ परत फिरवून बसवा, ती मोकळी राहिली तर तिथूनच हवा जाते. अजूनही लागत नसेल तर दोन नोझलांवरच्या नळ्यांचे नट (बहुतेक १७ चा पाना) एक आटा सैल करून दहा सेकंद सेल्फ मारा. थबकत थबकत डिझेल उडालं की आवळा. त्या वेळी हात नटापासून लांब ठेवा, कापड आडवं धरा.

धूर येतो पण पेटत नाही

थंडीत धुळ्याचा पारा १० अंशांखाली येतो तेव्हा हा प्रकार वाढतो. ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग) असलेल्या इंजिनात त्यांना जोडणारी पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत असतो, मेलेला अनंत दाखवतो. चारांपैकी दोन मेले की सकाळी पांढरा धूर नक्की. सगळे चांगले असतील तर पट्टीपर्यंत करंट येतो का बघा, रिले जास्त वेळा जातो. ग्लो प्लगच नसलेल्या डीआय इंजिनात फिरण्याचा वेग आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) यांवरच सगळं उभं असतं. तिथे घट्ट ऑइलही नडतं. जाड ऑइलाऐवजी मॅन्युअलमध्ये असेल ते, बहुधा १५डब्ल्यू-४०, भरलं की फरक कळतो.

तरीही पांढरा धूर असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन आणि पंपाचं टायमिंग (डिझेल सोडायची वेळ), याच क्रमाने बघा. कॉम्प्रेशन डिझेलच्या गेजने मोजायचं, पेट्रोलचं गेज फुटतं. आकडा मॅन्युअलचा धरा, पण चारही सिलिंडरांत ३ ते ४ बारपेक्षा जास्त फरक म्हणजे इंजिन उघडायचं काम. पंपाचं टायमिंग हलवायच्या आधी जुन्या खुणेवर छिन्नीने रेघ मारून ठेवा.

थंडीत लागते, तापल्यावर लागत नाही

हे वेगळं प्रकरण आहे आणि उन्हाळ्यात बाजारपेठेत उभ्या गाडीला भोवतं. सकाळी पहिल्या सेल्फला लागणारी रोटरी पंपाची गाडी दुपारी चहा पिऊन आलं की लागत नाही. तापलेलं डिझेल पातळ होतं, आणि पंपाचं हेड-रोटर (दाब तयार करणारा आतला भाग) झिजलेलं असेल तर सेल्फच्या वेगात दाबच तयार होत नाही. चाचणी : बंद गाडीच्या पंपावर ओलं गार कापड पाच-सात मिनिटं गुंडाळून ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. लागली तर पंप झिजलाय. तापलेल्या पंपावर थेट बादली ओतू नका, एकदम आकसून तो अडकू शकतो.

आता रेस

सुरू होण्याचं ठीक झाल्यावर इंजिन पूर्ण तापवा. तापलेल्या इंजिनाचा स्लो बहुतेक पिकअपमध्ये ७०० ते ९०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) दरम्यान असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर. मीटर नसलेल्या गाडीत क्रँक पुलीवर एक सेंटिमीटर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटर धरा. कानाने लावलेला स्लो प्रत्येक मिस्त्रीचा वेगळा असतो.

पहिली चाचणी दोन मिनिटांची. पंपाच्या लिव्हरवरून ॲक्सिलरेटरची केबल सोडवा. रेस उतरली तर दोष केबल, पेडल किंवा स्प्रिंगमध्ये. नाही उतरली तर पंपावर.

केबल अडकते ती काळ्या मातीच्या धुळीने. वरून इंजिन ऑइल सोडायची सवय आहे, पण त्यावर धूळ बसून आत लेप होतो आणि महिनाभरात केबल पुन्हा जड. सोडवून हाताने ओढून बघा, अडखळत असेल तर नवीनच घाला. तारेचे पदर सुटले असतील तर आजच बदला, घाटात पेडल वर येत नाही तेव्हा उशीर झालेला असतो. पेडलखाली दुमडलेलं मॅटिंग आणि ढिली रिटर्न स्प्रिंगही बघा. डॅशबोर्डवर हँड थ्रॉटलची घुंडी असेल तर ती पूर्ण आत आहे ना, हे बघायचं राहून जातं.

दोष पंपावर असेल तर इंजिन थंड असताना आणि तापल्यावर असे दोन आकडे लिहा. काही रोटरी पंपांना थंडीत रेस वाढवून ठेवणारी मेणाची थर्मो यंत्रणा असते. ती तापल्यावर सोडत नसेल तर थंड आणि गरम आकडा सारखाच येतो. रेस देऊन सोडल्यावर हळूहळू, अडखळत उतरत असेल तर आतला रॅक (डिझेलचं माप हलवणारी दांडी) किंवा गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) चिकटतोय, खराब डिझेल आणि पाण्याची ती करणी. काही जुन्या इनलाइन पंपांवर हवेच्या ओढीवर चालणारा डायफ्रॅमचा गव्हर्नर असतो. त्याची नळी निसटली किंवा पडदा फाटला की इंजिन आवरत नाही. पडताळणी इंजिन बंद असताना : स्टॉप लिव्हर ‘बंद’कडे धरा, हवेच्या नळीचं तोंड बोटाने बुजवा, लिव्हर सोडा. तो जागेवर थांबला तर पडदा चांगला, सरकून परत आला तर फाटलेला.

आणि डिपस्टिक. ऑइल खुणेच्या वर चढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर पंपाच्या किंवा फीड पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. ही गाडी सुरू करू नका. इंजिन ब्रीदरमधून (चेंबरची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ते ऑइल ओढून आपोआप पळू लागतं, मग चावी आणि स्टॉप केबल दोन्ही निरुपयोगी होतात. तसं झालंच तर एअर फिल्टरच्या तोंडावर फळी किंवा जाड पुठ्ठा दाबून हवा बंद करा, हात नव्हे. किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा आणि इंजिन मारा. पळणाऱ्या इंजिनासमोर उभं राहू नका.

स्क्रू सगळ्यात शेवटी

एवढं सगळं ठीक असेल तरच. इंजिन गरम, दिवे बंद, केबल सोडवलेली. स्लोच्या स्क्रूचा लॉकनट सैल करा आणि स्क्रू पाव आटा बाहेर घ्या. अर्धा मिनिट थांबून आकडा बघा, मग पुढचा पाव. तार-शिशाचं सील असलेल्या स्क्रूंना हात लावू नका, ते जास्तीत जास्त वेग आणि डिझेलच्या मापाचे आहेत. लॉकनट आवळताना आकडा थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. केबल जोडताना लिव्हरपाशी २ ते ३ मिलिमीटर ढील ठेवा. मग इंजिन बंद करून एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगा. लिव्हर वरच्या टेकूला टेकला पाहिजे, नाहीतर भरलेली गाडी कन्नड घाटात चढणार नाही. शेवटी हेडलाइट लावून स्टिअरिंग वळवा. इंजिन थरथरलं पण बंद पडलं नाही तर स्लो बरोबर बसलाय. बंद पडलं तर स्क्रू परत आत घेऊ नका, पारदर्शक नळी पुन्हा लावून बुडबुडे बघा.

पंप-नोझलवाल्याकडे पंप न्यावाच लागला तर सोबत चिठ्ठी द्या : थंड आणि गरम आरपीएम, धुराचा रंग, कॅनवर लावल्यावर काय झालं, ओल्या कापडाने काय झालं.